खोलीचं तापमान वजा करून

होळी झाली की आमच्या दुकानात एकाच तक्रारीची रांग लागते. मशीन चालू होतंय, दहा मिनिटं बरं चालतंय, मग आपोआप बंद पडतंय. थोडा वेळ थांबून बटण दाबलं की पुन्हा चालू. सकाळी काही त्रास नाही, दुपारी बारानंतर हमखास. गिऱ्हाइकानं कारण घरूनच ठरवून आणलेलं असतं. कुणी व्हायरस म्हणतं, कुणी लाइटचा लोचा म्हणतं, आणि उमदी-संखकडचा माणूस असेल तर सीपीयू टेबलावर ठेवता ठेवता त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगतो, "भाळ बिसी आगैत्री." फार तापलंय. तिघांत बहुतेक वेळा या शेवटच्याचं बरोबर निघतं.

जत हा सांगली जिल्ह्यातला सगळ्यात मोठा तालुका. पण सांगली म्हटलं की लोकांना कृष्णा, ऊस आणि महापूर आठवतो, त्यातलं आमच्या वाट्याला काही नाही. म्हैसाळ योजनेचं पाणी काही गावांत पोचलं, पूर्वेकडची गावं वर्षानुवर्षं त्याच्या नावानं मोर्चे काढत आली. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत त्याच्याही वर जातो. माणूस सावली बघून बसतो, जनावर लिंबाखाली जातं. कॉम्प्युटर मात्र जिथं ठेवलाय तिथंच असतो. बहुधा मावळतीच्या भिंतीला टेकवून, आणि धूळ बसू नये म्हणून वरून प्लॅस्टिकचं कव्हर घालून.

त्यात हे कॉम्प्युटर जुने. दूध संकलन केंद्रात फॅट मशीनला जोडलेला, वजनकाट्यावरचा, पतसंस्थेच्या शाखेतला, लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओतला, पत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याचा. नवीन घ्या म्हणायला काय जातंय? डीटीपीवाल्याकडे वीस वर्षांपूर्वीच्या फॉन्टचं डोंगल असतं, ते नव्या विंडोजवर उठत नाही. काट्याची वायर सीरियल पोर्टला, पावतीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पॅरलल पोर्टला, आणि नव्या मदरबोर्डला बहुधा दोन्ही पोर्ट नाहीत. दूधवाल्याचं सॉफ्टवेअर ज्या पोरानं लिहून दिलं तो पुण्याला गेला, आता फोन उचलत नाही. म्हणून पेंटियम फोर, कोअर टू ड्युओ, क्वचित एखादा ॲथलॉन आमच्या तालुक्यात अजून रोजच्या कामाला आहे. बाकीच्यांनी ते केव्हाच भंगारात घातले.

मी या धंद्यात आलो तेव्हा पेंटियम थ्री जाऊन पेंटियम फोर येत होता. त्याआधीच्या मशीन मी शिकताना मिरजेला पाहिल्या. ८०८६ आणि ८०८८ वर हीटसिंक नावाचा प्रकारच नव्हता, उघडी चिप बोर्डावर बसायची. ४८६ च्या ६६ मेगाहर्ट्झवाल्या चिपपासून डोक्यावर ॲल्युमिनियमचा तुकडा आला, मग त्यावर छोटा पंखा आला. पेंटियम थ्री पंचवीस-तीस वॅटवर भागवायचा. पुढच्या पाचेक वर्षांत हा आकडा तिप्पट झाला, आणि आमच्या उन्हाळी तक्रारींचा हंगाम तिथून सुरू झाला.

हल्ली गिऱ्हाईक मोबाइलवर काहीतरी वाचून येतं आणि थेट विचारतं, "प्रोसेसरचं नॉर्मल टेंपरेचर किती पायजे ओ? पन्नास? साठ?" मी उलट विचारतो, खोलीत किती आहे? यावर माणूस जरा चिडतो. त्याला एक आकडा हवा असतो आणि मी त्याला हवामान विचारतोय.

पण खरी गोम तिथंच आहे. पंखा हवा थंड करत नाही, आहे तीच हवा हीटसिंकच्या पात्यांवरून ढकलतो. ती हवा ज्या तापमानाची, त्याच्या खाली प्रोसेसर जाऊच शकत नाही. त्याच्या वर किती चढणार हे दोन गोष्टींवर ठरतं: चिप किती वॅट खाते आणि हीटसिंक प्रत्येक वॅटमागे किती अंश चढू देतो. कंपनीबरोबर येणारा साधा कूलर वॅटमागे साधारण एक तृतीयांश अंश चढू देतो असं धरा. म्हणजे ६५ वॅटची चिप पूर्ण जोरात चालली की हवेपेक्षा बावीस-तेवीस अंश वर जाणार. जानेवारीतल्या सकाळी कॅबिनेटमधली हवा २० असेल तर प्रोसेसर ४३. मे महिन्यात खोली ४१ आणि कॅबिनेटमधली हवा ४६ असेल तर तोच प्रोसेसर ६९. चिप तीच, तिच्या आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट तीच, पंखा तोच. नुसता आकडा वाचणाऱ्याला वाटतं मशीन सव्वीस अंशांनी बिघडलं. मला त्यात काहीच झालेलं दिसत नाही.

म्हणून मी खोलीचं तापमान वजा करून बघतो. दुकानात भिंतीवर साधा थर्मामीटर आहे, गावाला जाताना तो काढून पिशवीत टाकतो. जुन्या मशीनचा माझा ठोकताळा असा: नुसतं डेस्कटॉप उघडं असताना खोलीपेक्षा पंधरा-वीस अंश वर, जोराचं काम चालू असताना तीस-पस्तीस वर, इथवर चिंता नाही. काही काम नसताना चाळीस-पंचेचाळीस वर दिसलं तर मात्र कूलर सुटलाय, पंखा थांबलाय किंवा पेस्ट वाळलीय, आणि मग खोली १५ अंशांची असली तरी ते मशीन उघडायचं.

कंपन्यांनी छापलेले आकडेही कुठल्यातरी खोलीत बसूनच काढलेले असतात. पेंटियम फोरच्या उत्तरार्धात इंटेलनं कॅबिनेट बनवणाऱ्यांसाठी नियमावली काढली होती. तिचा हिशेब असा, की खोली ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोचणारी हवा ३८ च्या वर जाता कामा नये. सगळी पुढची गणितं त्या ३८ वर उभी. त्या काळातलं कॅबिनेट तुमच्याकडे असेल तर बाजूचा पत्रा काढून बघा: आतून काळ्या प्लॅस्टिकचं नरसाळं लावलेलं दिसेल, बाहेरची हवा थेट पंख्याच्या तोंडात सोडणारं. ते त्या ३८ साठी. नियम लिहिणाऱ्यांनी ३५ ही खोलीची कमाल धरली होती, आणि आमच्याकडे मार्च सरता सरता दुपारची खोली ३५ पार करते. नरसाळ्याची कल्पना वाईट नव्हती. पण जतच्या उघड्या माळावरून येणारा वारा त्यातून जी माती आत ओततो ती बघून मी बरीच नरसाळी काढून ठेवली आणि तिथं मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा चिकटवला.

शिवाय प्रत्येक चिपची मर्यादा वेगळी. ॲथलॉन एक्सपीला एएमडीनं ८५ ते ९० अंशांपर्यंत मोकळीक दिली होती. २००६ साली आलेल्या कोअर टू ड्युओ ई६३०० च्या कागदावर ६१.४ लिहिलंय. त्यानंतरच्या स्वस्त पेंटियम ड्युअल कोअरवर ७४.१. आता ६८ दाखवणारं मशीन नॉर्मल की बिघडलेलं? त्यात ॲथलॉनचा आकडा खुद्द चिपच्या पोटातला आणि कोअर टूचा आकडा वरच्या धातूच्या झाकणाच्या मध्यबिंदूवरचा, जिथं कुठलाच सेन्सर बसवलेला नाही. स्क्रीनवर जे दिसतं ते भलतंच तिसरं. जुन्या ॲथलॉन बोर्डांवर तर सेन्सर सॉकेटच्या खड्ड्यात, चिपच्या खाली उभा असायचा. चिप भाजत असली तरी त्याला खबर उशिरा, तीही अर्धवट. एकाच तालुक्यात एकच आकडा धरून सगळ्यांना नापास करायला निघालेला माणूस मला विजापूर रोडवर रोज भेटतो.

यातलं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. पूर्वेकडच्या एका गावात दूध संकलन केंद्र, पत्र्याचं शेड, आत पहिल्या पिढीतला कोअर टू ड्युओ. चालवणारे अण्णा साठीचे, पोरगा कॉलेजात. सकाळचं संकलन सुरळीत व्हायचं, संध्याकाळी सहाला माणसं कॅन घेऊन उभी राहिली की मशीन बंद. पोरानं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात ७२ आलं. दुसरं टाकलं, त्यात ५७. एकाच मशीनवर, एकाच वेळी. पोरगं म्हणालं, "एक तर खोटं बोलतंय." अण्णा म्हणाले, "मशीनच खोटं बोलतंय, नवीन बघूया का?"

खोटं कुणीच बोलत नव्हतं. या चिपच्या आतला सेन्सर तापमान सांगतच नाही, तो कडेलोट, म्हणजे चिपची कमाल मर्यादा, अजून किती अंश लांब आहे तेवढं सांगतो. तो आकडा होता २८. कडेलोटाचं तापमान किती, हे इंटेलनं डेस्कटॉपच्या या चिपांबाबत बरीच वर्षं उघड केलं नव्हतं, २००८ साली ते आकडे जाहीर केले. तोवर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा अंदाजाचा कारभार. एकानं ८५ धरले, दुसऱ्यानं १००. ८५ मधून २८ वजा केले की ५७, १०० मधून ७२. मी अण्णांना सांगितलं, दोन्ही आकडे विसरा, कड अजून अठ्ठावीस अंश लांब आहे, हा प्रोसेसर तुमच्या पावत्या फाडून फाडून थकणार नाही. पाच गिऱ्हाइकांचं फॅट आणि लिटर गुणायला त्याला घामही फुटत नाही.

"मग बंद का पडतंय?"

शेडमध्ये थर्मामीटर लावला. संध्याकाळचे सहा वाजून गेले तरी पत्रा अजून ओकत होता, ४२. मशीनची पाठ भिंतीला चिकटलेली. मागे हात घातला तर एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीतून वारा येत नव्हता. बॅटरी लावून बघितलं, आतला पंखा उभा. आगपेटीच्या काडीनं ढकलला की अर्धा फेरा घेई आणि पुन्हा थांबे. वर गावात दिवे लागले की होल्टेज १८० ला उतरायचं. दाब कमी झाला की एसएमपीएस तेवढ्याच कामासाठी जास्त करंट ओढतो आणि स्वतः जास्त तापतो. बंद पडत होता तो. पण त्याला आकडा दाखवायची सोय नाही, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय गेला नाही. प्रोसेसर बिचारा आपला आकडा इमानदारीनं सांगतो आणि सगळ्यांचा आळ त्याच्यावर येतो. हे मी इतक्या वेळा बघितलंय, की तापलेल्या मशीनमध्ये मी आता आधी एसएमपीएस, मग मदरबोर्ड, आणि शेवटी प्रोसेसर बघतो.

पंखा बदलला, टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, कव्हर फक्त बंद असताना घालायचं ठरलं. अण्णांनी टेबल उत्तरेच्या भिंतीला न्यावं असं मला वाटत होतं, पण तिथं गणपतीचा फोटो होता, विषय वाढवला नाही.

प्रोसेसरच दोषी असायचा असा काळही होता. २००४ साली इंटेलचा प्रेस्कॉट नावाचा नवा पेंटियम फोर आला. ९० नॅनोमीटरवर बनलेला, साडेबारा कोटी ट्रान्झिस्टर, ३ गिगाहर्ट्झचा नमुना ८९ वॅटचा, पुढचे शंभरच्या वर. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले होते की काम नसतानाही करंट झिरपायचा, आणि चिप जितकी तापेल तितका झिरपा वाढायचा. झिरपा वाढला की आणखी तापणार. थंड प्रदेशात हे चक्र लवकर आटोक्यात येतं, चाळीस अंशांच्या खोलीत ते वरच्या मजल्यावर जाऊन थांबतं. त्या मशीनचा पंखा एप्रिलमध्ये असा भिरभिरायचा की स्टुडिओवाला गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायला बाहेर जायचा.

हे संकट फक्त आमच्या माळावरचं नव्हतं. २००१ सालीच इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी एका तंत्रपरिषदेत सांगितलं होतं, की चिपची उष्णता याच चालीनं वाढली तर ती अणुभट्टीच्या, मग रॉकेटच्या नळीच्या आणि पुढे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पंगतीला बसेल. २००४ मध्ये कंपनीनं ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर रद्द केला, आणि तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या मंचावर चक्क गुडघे टेकून माफी मागितली. दोन वर्षांनी कोअर टू ड्युओ आला, कमी वेगाचा, दोन कोअरचा, ६५ वॅटचा. तो आमच्या दुकानात आला तेव्हा मला त्याचा वेग आवडला नाही, त्याचा आवाज आवडला. म्हणजे नसलेला.

पेंटियम फोरचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. तो मरत नसे. तापमान कडेला गेलं की तो स्वतःच आपले ठोके गाळतो, निम्म्या वेळ काम आणि निम्म्या वेळ विसावा. म्हणून त्या मशीनची तक्रार बंद पडण्याची नसायची, "दुपारी स्लो होतंय" अशी असायची. फोटोशॉपमध्ये जो अल्बम सकाळी तासात व्हायचा त्याला दुपारी दोन तास. गिऱ्हाईक रॅम वाढवून मागायचं. मी पेस्ट बदलून द्यायचो, आणि ते नाराज होऊन जायचं, कारण पैसे देऊन दाखवण्यासारखं काही हातात आलेलं नसायचं.

त्याच काळातल्या ॲथलॉनला ही सोय नव्हती. १.४ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन ७२ वॅट खायचा, तेही बोटाच्या पेरापेक्षा लहान उघड्या सिलिकॉनवर. २००१ साली थॉमस पाब्स्ट या जर्मन डॉक्टरच्या 'टॉम्स हार्डवेअर'नं चालू मशीनवरचा हीटसिंक काढून काय होतं त्याची चित्रफीत केली. पेंटियम थ्री अडकला, पेंटियम फोर हळू झाला, दोघंही नंतर सुरू झाले. ॲथलॉन काही सेकंदांत धूर सोडून गेला. सांगलीच्या एका दुकानात ती सीडीवर बघितली होती, तेव्हापासून ॲथलॉनचा पंखा फिरल्याशिवाय मी दुसरं बटण दाबत नाही. त्या चिपचं आणखी एक दुखणं म्हणजे हीटसिंकची क्लिप. स्क्रूड्रायव्हरनं ती दाबताना जोर तिरका गेला की सिलिकॉनचा कोपरा उडायचा. कोपरा उडालेले दोन-तीन ॲथलॉन माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, शिकायला येणाऱ्या पोरांना दाखवायला.

पेंटियम फोर उघडताना वेगळी काळजी. ४७८ पिनांचा सॉकेट असलेल्या बोर्डावर दोन बाजूंना पांढरे लिव्हर असतात. ते उचलले की माणसाला वाटतं कूलर सुटला आणि तो सरळ वर ओढतो. पण दहा-पंधरा वर्षांची पेस्ट आत सिमेंट झालेली असते. ओढल्यावर कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, सॉकेटचा लिव्हर बंद असताना. पिना वाकतात, एखादी तुटते. म्हणून आधी मशीन पाच मिनिटं चालू ठेवायचं, गरम झाली की पेस्ट नरमते. मग बंद करून वायर काढायची, लिव्हर उचलायचे आणि कूलर दोन्ही हातांत धरून डावीकडे-उजवीकडे हलका पिळायचा, वर न ओढता. हळूच एक चिकट आवाज येतो, तो आला की उचलायचा. खाली राखाडी कवच दिसतं, तडे गेलेलं. ते स्पिरिटच्या कापसानं पुसायचं, जिथं इंटेलचं नाव कोरलंय तिथपर्यंत. नवी पेस्ट हरभऱ्याच्या डाळीएवढी, मध्यभागी. पोरं लोण्यासारखी थापतात. जास्त झाली की ती उष्णता नेण्याऐवजी अडवते.

पंखा हीटसिंकवरून सोडवला की खरा माल दिसतो. पंखा स्वच्छ असतो, पाती स्वच्छ दिसतात, आणि दोन्हींच्या मध्ये जो थर बसलेला असतो तो कडेला नख घालून उचलला तर घोंगडीचा तुकडा निघावा तसा अख्खा निघतो, विणल्यासारखा घट्ट. वरून फुंकर मारून तो हलत नाही. म्हणून नुसता ब्लोअर मारून "क्लीन केलं" म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर मशीन नेणाऱ्यांना मी हात जोडतो. त्या हवेत पाणी असतं, शिवाय मोकळा सोडलेला पंखा त्या झोतात असा गरगरतो की बेअरिंग जातं. पंखा बोटानं धरायचा, मग हवा मारायची. बेअरिंगचा आवाज येत असेल तर मागचं स्टिकर अर्धं सोलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. दोन थेंब टाकले तर ते बाहेर येऊन धूळ धरतं.

द्राक्षाच्या आणि बेदाण्याच्या पट्ट्यातली मशीन मी डोळे मिटून ओळखतो. भुरीसाठी बागेवर गंधक धुरळतात, बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, आणि शेडच्या ऑफिसात ठेवलेल्या मशीनमधलं तांबं काळं पडतं. इंटेलच्या चांगल्या हीटसिंकच्या पोटात तांब्याचा गोल असतो, तो जुन्या पातेल्याच्या बुडासारखा दिसायला लागतो. त्यानं तापमान फार बिघडत नाही. पण रॅमच्या स्लॉटचा कॉन्टॅक्ट जातो, मशीन बीप मारत बसतं, आणि लोक उन्हाळ्याला बोल लावतात. रॅम काढून खोडरबरनं पुसली की चालू.

उपाय म्हणून गिऱ्हाइकं स्वतः जे करतात त्यातले दोन मला नेहमी भेटतात. एक, कॅबिनेटचा पत्रा काढून समोर टेबल फॅन. याला मी नावं ठेवत नाही, खोलीतली हवा थेट मिळाली की पाच-सात अंश सहज उतरतात. धूळ दुप्पट बसते आणि पाली घर करतात, तेवढं सोसायची तयारी हवी. दुसरा, वाळ्याचा कूलर मशीनकडे तोंड करून. आमची हवा कोरडी असल्यामुळे कूलर खोली खरंच उतरवतो. पण जतचं बोअरचं पाणी खारट, ताट्यांवर पांढरे थर येतात आणि ओल्या वाऱ्यात धूळ मिसळली की पात्यांवर चिखल होतो. वाळला की तो छिन्नीनं काढावा लागतो. आणि ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याचं पाणी टँकरनं येतं, तिथं कॉम्प्युटरसाठी कूलर भरायला सांगायची माझी तरी जीभ रेटत नाही.

लोडशेडिंगच्या वर्षांत, २००५ नंतरचा तो काळ, लोक विचारायचे की लाइट गेल्यावर पंखा थांबतो, मग गरम चिप जळत नाही का? नाही जळत. करंट गेला की उष्णता तयार व्हायचीही थांबते. त्या वर्षांनी प्रोसेसर कमी आणि यूपीएसच्या बॅटऱ्या व बोर्डावरचे कंडेन्सर जास्त खाल्ले. त्या दशकात वाईट रसायन भरलेले कंडेन्सर जगभर खपले, डोकं फुगून फुटायचे. चांगला कंडेन्सरसुद्धा दहा अंश जास्त तापला की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, त्यामुळे बदलताना मी ८५ अंशांचा न घालता १०५ चा घालतो, दोन रुपये जास्त पडतात. जुना, खाली वारा मारणारा कूलर याबाबतीत बरा, तो प्रोसेसरबरोबर आजूबाजूच्या कंडेन्सरनाही हवा घालतो. एकानं हौसेनं आडव्या वाऱ्याचा मोठा टॉवर कूलर बसवला, प्रोसेसर झकास गार आणि बाजूचे कंडेन्सर वर्षात फुगले.

पुढे २००८ मध्ये ४ वॅटचा ॲटम आला तेव्हा मला वाटलं जतसाठीच बनवलाय. गंमत म्हणजे इंटेलच्या त्या छोट्या बोर्डावर पंखा होता, पण प्रोसेसरवर नव्हता, तो शेजारच्या चिपसेटवर होता. कारण चिपसेट जुना आणि प्रोसेसरच्या कितीतरी पट तापणारा. गिऱ्हाईक हमखास चुकीच्या चिपवर बोट ठेवून विचारायचं, "ह्यो प्रोसेसर न्हवं?" वजनकाट्यावर ती मशीन फार चालली. स्टुडिओवाल्यांनी परत आणून दिली.

पैशाचा विषय अजून सुटलेला नाही. साफसफाई आणि पेस्टचं बिल केलं की माणूस विचारतो, "काय बदललं?" काही नाही बदललं. "मग कशाचे पैसे?" एका काटेवाल्यानं तर फुंकर मारायचे पैसे घेतो म्हणून गावभर केलं होतं. आता मी हीटसिंकवरून निघालेला धुळीचा थर वर्तमानपत्रात गुंडाळून बिलाबरोबर देतो. घरात दाखवायला काहीतरी होतं, घासाघीस कमी होते. दूध केंद्रांचं आणि काटेवाल्यांचं वर्षाचं ठरवून टाकलंय, शिवरात्रीच्या आसपास चक्कर मारायची, ऊन चढायच्या आत. पतसंस्थांकडे त्याहून आधी जावं लागतं. मार्च उजाडला की मॅनेजर मशीनला हात लावू देत नाही, इयर एंडिंग आहे म्हणतो, आणि एक एप्रिलला दुपारी बंद पडलं की पहिला फोन मलाच करतो.